कुंभकोणम, अण्णा आणि एक एस्टीम

पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मेसमध्ये माझ्या एका कोर्समेटने विचारलं, "कुंभकोणम? तिथे आर्मी काय करते?"

प्रश्न रास्त होता. ना कँटोन्मेंट, ना सीमा, ना फायरिंग रेंज. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधलं देवळांचं गाव. तिथे एनसीसीच्या मुलामुलींना सावधान-विश्राम शिकवायचं. सिलेक्शन बोर्डाच्या यादीत ज्यांचं नाव येत नाही त्यांना अशी गावं बघायला मिळतात. माझं आलं नव्हतं. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारणार नाही. सौ.ने नकाशा उघडून पुण्यापासूनचं अंतर मोजलं, बाराशे किलोमीटरच्या आसपास भरलं, आणि म्हणाली, "लेहपेक्षा जवळ आहे." विषय संपला.

पहिल्या महिन्यात मी जरा घुश्शातच होतो. पण या गावाला घुस्सा कळत नाही. सकाळी साडेपाचला समोरच्या हॉटेलात पितळी डबऱ्यात डिग्री कॉफी आली की माणूस निम्मा विरघळतो. आणि दुसऱ्याच आठवड्यात घरमालकांच्या आईने मला मराठीत हटकलं. मराठी आपली, हेल तमिळ, आणि मधले काही शब्द माझ्या पणजीच्या तोंडी शोभले असते असे. म्हाताऱ्या बाईंचं घराणं तंजावरच्या भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली हे आपण शाळेत दीड ओळीत वाचतो. त्या दीड ओळीतून आलेली माणसं अजून इथे राहतात आणि घरात मराठी बोलतात. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये जन्मले ते याच कुंभकोणममध्ये. आजींनी हे मला पहिल्याच भेटीत ऐकवलं, जणू माधवराव शेजारच्या घरातच राहत होते.

पण हा लेख आजींचा नाही, अण्णांचा आहे.

तर झालं असं, की बटालियनच्या बसचा क्लच गेला. दुसऱ्या दिवशी कॅडेट्सना कॅम्पला न्यायचं होतं. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, दारासुरमच्या रस्त्यावर एक मिलिटरीवाला मिस्त्री आहे, तो रविवारीही काम करतो. गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एका गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. क्लार्कने हाक मारली. पाय सरकले, मग धड, मग चेहरा. मला बघून माणूस उठला, ऑइलने माखलेले हात पँटच्या शिवणीला लावून सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "रामराम साब."

अण्णा! मी कॅप्टन असताना माझ्या एलएडीमधले व्हेइकल मेकॅनिक, हवालदार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एलएडी म्हणजे लाइट एड डिटॅचमेंट, एखाद्या रेजिमेंटला जोडलेली ईएमईची छोटी तुकडी. रेजिमेंटच्या गाड्या, जनरेटर, हत्यारं चालू ठेवायची ही तिची ड्यूटी. मी सव्वीस वर्षांचा ओसी होतो आणि अण्णा अडतिसाचे. कागदोपत्री मी त्यांचा साहेब होतो. प्रत्यक्षात जिप्सीबद्दल मला जे काही कळतं ते त्यांनी शिकवलेलं आहे.

पंधरा वर्षं झाली असतील. मला बघून त्यांना आनंद झाला, मलाही झाला. त्याचबरोबर पोटात काहीतरी आवळलंही. ते का, ते पुढे येईल.

क्लच चार तासांत झाला. पैसे घ्यायला तयार नव्हते, ते मी रीतसर पावतीसकट दिले. निघताना शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी दिसलं. ताडपत्री उचलली तर पांढरी मारुती एस्टीम. आत फक्त एक सीट, मागचं सगळं काढून टाकलेलं आणि पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेला. दारावर स्टिकर.

"ये क्या है, अण्णा?"

"रेस का गाडी, साब. कोइम्बतूर पार्टी का. नॅशनल खेलता है."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे मोटार रेसिंग म्हटलं की डोळ्यासमोर फॉर्म्युला वनची उघड्या चाकांची गाडी येते. दुसरं जग आहे ते छप्पर आणि दारं असलेल्या गाड्यांचं. त्यातल्या उंची, दोन दारांच्या, महागड्या स्पोर्ट्स गाड्यांच्या शर्यतींना ग्रँड टुरिंग म्हणजे जीटी म्हणतात. आपला आदित्य पटेल ऑडी आर-एटमध्ये खेळला, अखिल रवींद्र युरोपात अ‍ॅस्टन मार्टिन चालवायचा. पहिला भारतीय फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन शेवटी जपानच्या सुपर जीटीत गेला आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये फुजीला होंडा एनएसएक्समध्ये एक शर्यत जिंकला. ही जीटी आपल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या खिशाला परवडणारी नाही. आपल्याकडे तिची धाकटी बहीण आहे, टुरिंग कार. म्हणजे तुमच्या-माझ्या दारात उभी असते ती होंडा सिटी, पोलो, एस्टीम. सीटा काढायच्या, पिंजरा बसवायचा, सस्पेन्शन खाली आणायचं, नियमात बसेल तेवढं इंजिन फुलवायचं आणि पळवायचं. लोकांना वाटतं हे स्वस्तातलं रेसिंग. स्वस्त काही नाही. एका मोसमात टायरवर जेवढा पैसा जातो त्यात आमच्या गावाकडे विहीर होते.

अण्णांना या गाडीवर का बोलावलं, ते बॉनेट उघडल्यावर कळलं. एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन सुझुकीच्या जी-तेरा कुळातलं. जिप्सी किंगचंही तेच. १९९१ पासून फौजेत जिप्सी आली आणि अण्णांची जवळजवळ सगळी नोकरी तिच्या बॉनेटमध्ये डोकं घालून गेली. सियाचीनच्या पायथ्यापासून जैसलमेरपर्यंत ज्या इंजिनाचे त्यांनी व्हॉल्व्ह बसवले, तेच इंजिन रिटायरमेंटनंतर शर्यतीचे कपडे घालून त्यांच्या शेडमध्ये आलं होतं.

"इंजन का टेन्शन नहीं, साब. ये नींद में खोलेगा. ब्रेक का टेन्शन है. जिप्सी पूरा दिन में जितना ब्रेक मारता, ये लोग पाँच चक्कर में मारता."

त्या मोसमात मी टीमबरोबर फिरलो. सीओंना विचारायचा प्रश्न नव्हता, सीओ मीच होतो. ग्रुप हेडक्वार्टर्सकडून शनिवार-रविवारची स्टेशन लीव्ह घ्यायची आणि निघायचं. कुंभकोणमची एक गंमत आहे. कोइम्बतूर पश्चिमेला तीनशे किलोमीटर आणि चेन्नई उत्तरेला तेवढंच. देशात गाड्यांच्या शर्यतीचं ज्यांना वेड म्हणता येईल अशी ही दोन गावं, आणि आम्ही बरोबर मध्ये. माझ्या पासवर 'क्रू' असं लिहिलेलं होतं. काम काय, तर स्टॉपवॉच धरायचं, चकरांच्या वेळा लिहायच्या, आणि अण्णांनी हात पुढे केला की पाना द्यायचा. तेरा नंबर म्हटल्यावर बारा नंबर दिला तर अण्णा काही बोलत नसत, नुसते माझ्याकडे बघत. ओसी एलएडी असतानाही तसेच बघायचे.

पण त्याआधी चैत्रातली एक गोष्ट. सारंगपाणीच्या देवळाचा रथोत्सव. या देवळाचा गाभाराच रथाच्या आकाराचा आहे, दगडी चाकं, दगडी घोडे. दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिराचा मंडपही तसाच, बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेला. चाकाचे आरे मोजता येतील इतकं स्वच्छ काम. या प्रांताला रथाचं वेडच म्हणायचं. सारंगपाणीचा लाकडी रथ तमिळनाडूतल्या मोठ्या रथांपैकी एक. दोरखंडाला शेकडो माणसं लागतात. मी दोराकडे बघत होतो. अण्णांनी खांद्याला धरून मला वळवलं आणि म्हणाले, उधर नहीं, इधर देखो.

रथाच्या चाकापाशी सात-आठ माणसं होती. प्रत्येकाच्या हातात लाकडाची पाचर, वरून दांडा. रथ निघाला की तो थांबवणं आणि वळवणं या माणसांच्या हातात. धावत्या चाकाखाली नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात पाचर सरकवायची आणि हात काढून घ्यायचा. डाव्या चाकाला लावली की रथ डावीकडे वळतो. क्षणभर उशीर झाला तर समोरचं घर गेलं, नाहीतर हात गेला. त्या पाचरीला म्हणतात मुट्टुकट्टै. तिरुवारूरच्या प्रचंड रथाला त्रिचीच्या भेलने हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले आहेत, पण पाचरवाले तिथेही असतातच. मजा म्हणजे तमिळमध्ये चांगल्या कामात आडव्या येणाऱ्या माणसाने मुट्टुकट्टै घातली असं म्हणतात. आपण खोडा घातला म्हणतो तसं. अण्णांचे वडील त्या पाचरवाल्यांत होते. दोर ओढणाऱ्यांना पुण्य, पाचरवाल्यांना शिव्या, असं ते म्हणायचे म्हणे.

पहिली फेरी कोइम्बतूरला झाली, चेट्टीपाळयमच्या करी मोटर स्पीडवेवर. दोन किलोमीटरच्या थोडा वरचा आखूड, वळणावळणांचा ट्रॅक. नाव करीवर्धन यांचं. कोइम्बतूरच्या गिरणीमालक घराण्यातला हा माणूस शेडमध्ये स्वतः रेसिंगच्या गाड्या बनवायचा. मारुती ८०० चं इंजिन घालून त्यांनी फॉर्म्युला मारुती तयार केली, आणि मध्यमवर्गीय पोरांना पहिल्यांदा उघड्या चाकांच्या गाडीत बसायला मिळालं. १९९५ मध्ये मायक्रोलाइट विमानाच्या अपघातात गेले. त्यांच्या आधीची पिढी शोळावरमची. चेन्नईच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धातली ही धावपट्टी. तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती वर्षानुवर्षं चालत. गोंडलचे महाराज तिथे धावले. विजय मल्ल्याने तर चक्क जुनी एन्साइन फॉर्म्युला वन गाडी आणून पळवली. मुंबईत जुहू, कोलकात्याजवळ बराकपूर, सगळीकडे हीच कथा: विमानांसाठी बांधलेली धावपट्टी, नंतर शर्यतीला. १९९० मध्ये क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला स्वतःचा पक्का ट्रॅक बांधला आणि शोळावरम संपलं.

आमचा ड्रायव्हर तिशीतला, वडिलांचा पंपांच्या सुट्या भागांचा कारखाना. स्वभावाने गोड, हेल्मेट घातलं की वेगळा माणूस. कोइम्बतूरला शनिवारी दुसरा आला आणि रविवारी पहिला. मी आयुष्यभर कॉन्व्हॉय चालवलेले. चाळीसचा वेग, दोन गाड्यांत अंतर ठरलेलं, ओव्हरटेक करणाऱ्याचा पंचनामा. आणि इथे पंधरा गाड्या एकमेकांच्या बंपरला नाक लावून वळणात शिरत होत्या. पहिल्या चकरीला माझे डोळे मिटले गेले हे कबूल करतो. अण्णा शर्यत बघतच नव्हते. ते वळणाच्या आधीच्या जागेकडे बघत होते, ब्रेकचे लाल दिवे कुठे लागतात ते. "पचास मीटर पहले मारता है आज. अच्छा है. पॅड बचेगा."

तेव्हा शिकलेल्या दोन-तीन गोष्टी गाडी चालवणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून सांगतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. पाणी पिलेलं ऑइल लवकर उकळतं, उकळलं की त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल मऊ लागतं. रेसवाले दर शर्यतीला ऑइल बदलतात, आपण दहा वर्षं बदलत नाही. घाट उतरून आल्यावर गाडी लगेच हँडब्रेक ओढून उभी करू नये, तापलेल्या धातूला तिथेच जखडून ठेवल्यासारखं होतं. आणि मऊ पेडल एक, पण दाबून धरलं तर हळूहळू खाली बसत जाणारं पेडल वेगळं. पहिल्यात बहुधा हवा असते. दुसऱ्यात बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलेलं असतं. दाब चाकापर्यंत न जाता आतल्या आत परत येतो. बाहेर एक थेंब सांडत नाही. म्हणून फसवतं.

मधल्या फेऱ्या चेन्नईला. एकदा पावसात चौथे, एकदा कुणीतरी मागून ठोकलं आणि रेडिएटर फुटला, एकदा पहिले. गुणतक्त्यात आम्ही आमच्या गटात पहिल्या नंबरवर होतो, पण अंतर थोडं. शेवटच्या रविवारच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या चारांत आलो तर राष्ट्रीय अजिंक्यपद. ड्रायव्हरच्या वडिलांनी पेढ्यांऐवजी म्हैसूरपाकाचे डबे आणून ठेवले होते. मीही सकाळी घरमालकांच्या आजींना फोन करून देवाला नारळ ठेवायला सांगितलं होतं. फौजी माणूस अंधश्रद्धाळू नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी बोर्डाच्या निकालाच्या दिवशी ऑफिसर्स मेसमध्ये येऊन बघावं.

इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. सरळ पट्टा संपतो तिथलं पहिलं वळण, सी-वन, भीतीदायक वेगाचं आहे. आमची छोटी एस्टीमसुद्धा तिथे दीडशेच्या पुढे असायची.

दुपारी शर्यतीआधी चाळीस मिनिटं. अण्णांनी सवयीप्रमाणे शेवटचं पेडल तपासलं. दाबलं आणि धरून ठेवलं. मी समोर उभा होतो. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण पाय पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद तसाच. मग म्हणाले, "साब, आप दबाओ."

मी बसलो. दाबलं. पेडल घट्ट. धरून ठेवलं. आणि पायाखाली ते बसायला लागलं. फार हळू. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

मला ते पेडल ओळखीचं होतं.

२००४ चा ऑक्टोबर. जागा सांगत नाही, उंच होती एवढं पुरे. एक जिप्सी सकाळी अण्णांनी तपासली आणि वर्कशॉपच्या फळ्यावर तिच्यापुढे 'ऑफ रोड' लिहिलं. मास्टर सिलिंडर. सुटा भाग मागच्या डेपोतून यायचा होता. त्या दिवशी एक तपासणी होती, एस्कॉर्टला गाडी कमी पडत होती. मला कुणी हुकूम दिला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अशा गोष्टींत वरिष्ठांवर ढकलायची सोय असते. मला फक्त विचारलं गेलं, की होईल का? आणि मी सव्वीस वर्षांचा होतो, खडकवासल्याला तीन वर्षं 'नाही होणार' हे उत्तर जिभेवरून पुसून टाकलं गेलेलं. मी जाऊन पेडल दाबलं. घट्ट लागलं. धरून ठेवलं नाही. अण्णा म्हणाले, "साब, पकड के रखो." मी म्हणालो, एक चक्कर आहे, संध्याकाळी आली की खोला. आणि फिट म्हणून सही केली.

परतीच्या उतारावर पेडल तळाला गेलं. ड्रायव्हर नाईक होता, सातारा जिल्ह्यातला. त्याने दरीकडे न जाऊ देता गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली, दगडावर थांबवली. बाकीचे खरचटण्यावर सुटले. त्याचा उजवा पाय घोट्यापासून चुरडला. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. चौकशीत अण्णांना विचारलं, सकाळी गाडीची स्थिती काय होती? त्यांनी जे होतं ते सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. निष्कर्षात यांत्रिक बिघाड, मुद्दाम हलगर्जी नाही, अशा अर्थाचं काहीतरी आलं. मला समज मिळाली. नाईक मेडिकल बोर्डावर घरी गेला.

त्याच वर्षी जुलैमध्ये, १६ तारखेला, कुंभकोणममध्ये एका शाळेला आग लागून ९४ मुलं गेली होती. अण्णा तेव्हा सुट्टीवर गावात होते. परत आल्यावर आठवडाभर ते कुणाशी बोलले नव्हते. हे सगळं मला माहीत होतं. ऑक्टोबरमध्ये सही करताना त्यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. कुंभकोणमची पोस्टिंग आली तेव्हा मात्र पहिल्यांदा तेच आलं. त्या मुलांचं स्मारक इथे आहे, दर १६ जुलैला लोक मेणबत्त्या घेऊन जातात. मी गेलो आहे. अण्णांबरोबर नाही, एकटाच.

तर, पेडल. अण्णांनी ड्रायव्हरला सांगितलं, गाडी नहीं जाएगा. मास्टर सिलिंडर उतरवून दुसरा बसवायला आणि सगळी लाइन ब्लीड करायला तासभर हवा. आमच्याकडचा जादा सिलिंडर मागच्या फेरीत वापरून झाला होता. शेजारच्या टीमने स्वतःहून शोधाशोध केली, त्यांच्याकडे होता तो वेगळ्या मापाचा. हातात अर्धा तास.

ड्रायव्हरचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. ब्रेकची दोन सर्किटं असतात, एक गेलं तर दुसरं असतं. पेडल पटकन पंप केलं तर दाब येतो. दहा चकरा. जिंकायचंही नाही, चौथा यायचं आहे. सी-वनला शंभर मीटर आधी ब्रेक मारेन. वडील गप्प होते. मग ड्रायव्हर चिडला आणि तमिळमध्ये काहीतरी बोलला. मला त्यातला एकच शब्द कळला. मुट्टुकट्टै.

अण्णा पाना पुसत राहिले. मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही ईएमईचे ऑफिसर आहात. तुम्ही सांगा. होईल का?"

तोच प्रश्न. शब्दसुद्धा तेच, फक्त इंग्रजीत.

अण्णांनी मान वर केली नाही. त्यांनी मदत केली असती तर बरं झालं असतं असं मला त्या वेळी वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. मी म्हणालो, नाही होणार. तो म्हणाला, तुमची खात्री आहे का की दहा चकरांत सील जाईल? मी म्हणालो, खात्री नाही. कदाचित टिकेलही. तरी नाही.

वडिलांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अधिकाऱ्यांना कळवायला स्वतः गेले. आम्ही एस्टीम पिटमध्ये ठेवून भिंतीपाशी उभे राहून शर्यत बघितली. विजेतेपद ज्याला मिळालं त्या मुलाने चांगली गाडी चालवली, याबद्दल वाद नाही. आमचा ड्रायव्हर पाचव्या चकरीला हेल्मेट उचलून निघून गेला. म्हैसूरपाकाचे डबे कुणी उघडले नाहीत.

संध्याकाळी अण्णांनी सिलिंडर खोलला. सीलच्या ओठाला नखाएवढी चीर. मी विचारलं, दस चक्कर चलता? अण्णांनी तो रबराचा तुकडा उजेडात धरून बराच वेळ बघितला. "चलता भी था शायद," म्हणाले. मला खोटं उत्तर चाललं असतं.

रात्री परतीच्या रस्त्याला लागलो. दिंडीवनमच्या पुढे चहाला थांबलो. बाकावर बसल्यावर ज्या गोष्टीवर आम्ही पंधरा वर्षांत आणि त्या मोसमातल्या हजारो किलोमीटरांत एक अक्षर काढलं नव्हतं, ती मी काढली. त्या नाईकचं नाव घेतलं. म्हणालो, काय करत असेल कुणास ठाऊक.

"ठीक है, साब," अण्णा म्हणाले. "पोंगल को फोन किया था. लडकी का शादी हो गया."

म्हणजे इतकी वर्षं हे दोघं बोलत होते. दर पोंगलला आणि दर दिवाळीला. एक तमिळ, एक सातारकर, दोघांच्या मोडक्या हिंदीत. आणि मी, जो त्याच भाषेचा, शेजारच्या जिल्ह्यातला, पुण्याला सुट्टीवर आलो की त्याच्या गावाच्या फाट्यावरून कोल्हापूरला जाणारा, मी एकदाही फाटा वळलो नव्हतो. दोनदा वेग कमी केला होता, हे खरं.

"मेरे बारे में पूछता है?"

"पूछता है. साब का प्रमोशन हुआ क्या, पूछता है."

अण्णांनी जुन्या फोनमधून नंबर काढून दिला. मी तो माझ्या फोनमध्ये घेतला आणि तीन आठवडे तसाच ठेवला. त्या तीन आठवड्यांत कोइम्बतूरच्या ड्रायव्हरचा अण्णांना फोन आला, पुढच्या मोसमासाठी गाडी पाठवतोय, या खेपेला दोन मास्टर सिलिंडर बरोबर देतोय. बाकी माफीबिफी काही नाही. अण्णांनीही अपेक्षा केली नव्हती.

मग एका रविवारी, आजींकडे जेवून आल्यावर, गच्चीत जाऊन मी नंबर लावला. नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग एकदम जोरात, "जय हिंद साहेब!" मागे कोंबडा ओरडत होता. मी पाठ केलेलं वाक्य बोलायला सुरुवात केली, की त्या दिवशी सकाळी गाडी ऑफ रोड होती, आणि मी—

"ठाऊक हाय साहेब," तो म्हणाला. "मी पण दाबलं हुतं की पेडल. निघायच्या आधी. बसत हुतं. मला वाटलं साहेबांनी बघितलंय."

मला पुढचं काही सुचलं नाही. त्यानेच मग ऊस कधी तोडायचा आहे ते सांगितलं, आणि डिसेंबरात येणार असाल तर फाट्यावर थांबू नका, रस्ता आता थेट घरापर्यंत झालाय म्हणाला.